राजधानीच्या गच्चीवर अळू

महाराष्ट्रातून बदली होऊन दिल्लीस आलेल्या कुटुंबाला पहिल्या वर्षी ज्या गोष्टी हटकून आठवतात, त्यांत समुद्र, लोकल गाडी आणि अळूची भाजी यांचा क्रम कसा लावावा हा प्रश्नच आहे. समुद्राला आणि लोकलला इलाज नाही. अळूला मात्र आहे, आणि तो इलाज घराच्या गच्चीवर किंवा सज्जात, पंधरा इंची कुंडीत, चारपाच महिन्यांत सिद्ध होतो. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद आणि फरीदाबाद या साऱ्या टापूत कितीतरी मराठी घरांनी तो करून पाहिला आहे. काहींच्या कुंड्या वर्षानुवर्षे नांदत आहेत. पुष्कळांच्या पहिल्याच डिसेंबरात कायमच्या रिकाम्या झाल्या. हा फरक नशिबाचा नसून माहितीचा आहे.

वास्तविक दिल्लीला अळू परके नाही. येथल्या भाजीवाल्याच्या हातगाडीवर जी 'अरबी' ढिगाने रचलेली असते, त्या म्हणजे आपल्या अळकुड्याच होत. ओवा आणि आमचूर घालून केलेली सुकी अरबी हा दिल्लीकरांच्या रोजच्या जेवणातला पदार्थ आहे. वनस्पती एकच, दिल्लीकराचे लक्ष जमिनीखाली आणि मराठी माणसाचे जमिनीवर, एवढाच काय तो भेद. पावसाळ्यात 'अरबी के पत्ते' म्हणून पानांच्या जुड्या बाजारात येतात खऱ्या, परंतु पुष्कळदा त्या जून झालेल्या, देठ छाटलेल्या आणि गाठ पडेल तेव्हाच. ज्याला देठांसकट कोवळी पाने हवीत त्याने ती स्वतःच लावावीत हे उत्तम.

अळूचे वेड केवळ मराठी माणसालाच आहे असेही नव्हे. राजधानीत सगळा देश राहतो, आणि देशाच्या बहुतेक कोपऱ्यांत हे पान कोणत्या ना कोणत्या नावाने चुलीवर चढते. गुजराती शेजाऱ्यांचे पात्रा, मंगळूरकडच्या मंडळींचे पत्रोडे, हिमाचलातले पतरोडू आणि पूर्व उत्तर प्रदेशातले रिकवछ ही सगळी आपल्या अळूवडीचीच भावंडे. कुमाऊँतून आलेली मंडळी अळकुडीला पिनालू म्हणतात आणि कोवळ्या, न उलगडलेल्या पानांच्या सुरळ्यांची भाजी करतात. तिचे नाव गाबा. चित्तरंजन पार्कच्या बाजारात तर बंगाली गिऱ्हाइकांसाठी कचूची पाने, कंद आणि जमिनीवर धावणारे लांबट धुमारेसुद्धा विकायला असतात. दुर्गापूजेत जी नवपत्रिका, म्हणजे नऊ वनस्पतींची जुडी, देवीजवळ ठेवतात तिच्यात कचू आणि मानकचू अशी दोन्ही रोपे लागतात. यांपैकी कचू म्हणजे आपले अळू आणि मानकचू म्हणजे त्याचा थोरला, अवाढव्य पानांचा चुलतभाऊ.

हा चुलतभाऊच रोपवाटिकांमध्ये 'एलिफंट इअर', म्हणजे हत्तीचा कान, या नावाने मिळतो, आणि येथूनच घोटाळ्याला सुरुवात होते.

हत्तीचे कान एकूण किती?

'एलिफंट इअर' हे एका झाडाचे नाव नाही. सुरणाच्या कुळातल्या निदान चार प्रकारच्या झाडांना ते सरसकट लावले जाते. पहिले कोलोकेशिया, म्हणजे आपले अळू. दुसरे अलोकेशिया, त्यात मानकचूही आला आणि चकचकीत, पांढऱ्या शिरांची शोभेची रोपेही आली. तिसरे झँथोसोमा, मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले. चौथे कॅलेडियम, कागदासारखी पातळ, गुलाबी-पांढऱ्या ठिपक्यांची पाने असलेले. रोपवाटिकेतल्या पाटीवर बहुधा एकच नाव लिहिलेले असते, आणि माळीबुवांना विचारले तर "सब एकही है साहब" असे आश्वासन मिळते. या आश्वासनावर विसंबून कोणी वड्या करू नयेत.

ओळखण्याची एक जुनी आणि सोपी खूण आहे. पान उलटे करून देठ कोठे जोडला आहे ते पाहावे. अळूचा देठ पानाच्या खाचेपाशी न जुळता, खाचेपासून आत, पानाच्या पाठीवर जुळलेला असतो, छत्रीच्या दांड्यासारखा. त्यामुळे पान खाली झुकते आणि त्याचे टोक जमिनीकडे असते. मानकचूचे आणि झँथोसोमाचे पूर्ण वाढलेले पान देठाला खाचेपाशीच जोडलेले दिसते. मानकचूचे पान तर आकाशाकडे टोक करून उभे राहते. शिवाय अळूचे पान वरून मखमलीसारखे, निस्तेज हिरवे असते, तर अलोकेशियाचे बहुधा तुकतुकीत. कॅलेडियमचा देठही आतच जुळतो, म्हणून तेथे ही खूण फसते. परंतु रंगीत ठिपक्यांचे पान खाण्याचा मोह सहसा कोणास होत नाही. काळ्याकुट्ट पानांचे, 'ब्लॅक मॅजिक' नावाने विकले जाणारे रोप हे वनस्पतिशास्त्रदृष्ट्या अळूच आहे. तथापि शोभेच्या रोपांवर कोणकोणती औषधे फवारली गेली असतील हे कळावयास मार्ग नसतो. तेव्हा खावयाचे अळू भाजीवाल्याच्या अळकुडीपासून किंवा ओळखीच्या घरच्या कंदापासूनच करावे, हा नियम पाळलेला बरा.

या साऱ्या कुळाचे एक समान लक्षण म्हणजे खाज. पानांत, देठांत आणि कंदांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. कच्चे पान चावले तर या सुया जिभेत आणि घशात शिरतात व आग होते, सूज येते. अळू चांगले शिजवले म्हणजे हा त्रास बहुतांशी जातो. चिंच किंवा आमसूल घालण्याची आपल्याकडची रीत याच अनुभवातून आली आहे. शोभेच्या जाती मात्र कितीही शिजवल्या तरी भरवशाच्या नव्हेत. घरात रांगते मूल असेल किंवा कुत्रे-मांजर असेल तर कुंडी त्यांच्या तोंडापासून दूर ठेवावी. मुलाने पान चावलेच तर तोंड पाण्याने नीट धुवावे, थंड पाणी किंवा दूध द्यावे आणि ओठ-जीभ सुजत असेल किंवा श्वासाला अडथळा वाटत असेल तर वेळ न घालवता डॉक्टरांकडे न्यावे. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. कपड्यांवर पडला तर तो काळसर डाग बहुधा त्या कपड्याच्या आयुष्याचा सोबती होतो, हे अनुभवी गृहिणींना सांगावयास नको.

मोरीच्या कडेपासून सज्जापर्यंत

कोकणात किंवा देशावर अळू कोणी 'लावत' नाही. ते मोरीच्या कडेला, विहिरीपाशी, न्हाणीघराच्या पन्हाळीखाली आपोआप असते. घराने टाकलेले पाणी प्यावे आणि घराला भाजी द्यावी, असा तो व्यवहार आहे. आपल्या भाषेत 'अळवावरचे पाणी' हा शब्दप्रयोग रुजला तो याच रोजच्या शेजारामुळे. भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायात न लिंपणाऱ्या पाण्याची उपमा कमळाच्या पानावरून आली आहे. मराठी माणसाने मात्र आपल्या परसातले पान हाताशी घेतले. या पानावर मेणाचा सूक्ष्म थर आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य उंचवटे असतात. पाण्याचा थेंब त्या उंचवट्यांच्या टोकांवर तरंगतो, पसरत नाही आणि घरंगळताना धूळ सोबत घेऊन जातो. जर्मनीतील बॉन येथील वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी कमळाच्या पानाच्या या गुणाचा अभ्यास 1997 साली प्रसिद्ध केला. पुढे त्याच तत्त्वावर धूळ न धरणारे रंग तयार झाले. नोव्हेंबरात दिल्लीच्या हवेतली काजळी सगळ्या झाडांवर बसते, तेव्हा तांब्याभर पाणी ओतताच अळूचे पान लखलखीत होते. हे दृश्य ज्यांनी पाहिले असेल त्यांना शास्त्रज्ञांच्या कुतूहलाचे कारण पटेल.

कोकणातला हा आपोआपपणा दिल्लीत चालत नाही. रत्नागिरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. दिल्लीत सफदरजंग येथील सरासरी पावणेआठशे मिलिमीटरच्या आसपास आहे, आणि तोही लहरी. 28 जून 2024 रोजी याच सफदरजंगला चोवीस तासांत 228.1 मिलिमीटर पाऊस कोसळला; त्याच्या सुमारे एक महिना आधी, 29 मे रोजी, तेथेच पारा 46.8 अंशांवर होता. आणि 8 जानेवारी 2023 च्या पहाटे तेथेच 1.9 अंश तापमान नोंदले गेले होते. पंचवीस ते पस्तीस अंशांत सुखाने वाढणाऱ्या आणि दमट हवेची सवय असलेल्या झाडाने हे सगळे एकाच कुंडीत बसून सोसावयाचे आहे. म्हणूनच दिल्लीतल्या अळूची पंचांगे कोकणापेक्षा वेगळी ठेवावी लागतात.

लागवडीची वेळ होळीच्या आसपासची. थंडी सरलेली असते आणि लू सुरू व्हायला अवकाश असतो. बाजारातून अळकुड्या आणताना मध्यम आकाराच्या, साधारण पंचवीस ते पस्तीस ग्रॅम वजनाच्या, घट्ट आणि टोकाशी फुगीर डोळा असलेल्या निवडाव्यात. शीतगृहात फार दिवस राहिलेल्या, सुरकुतलेल्या अळकुड्या कधीकधी महिनाभर पुरूनही जाग्या होत नाहीत. आठवडाभर ओलसर वाळूत किंवा ओल्या गोणपाटात ठेवल्या म्हणजे कोणती जिवंत आहे ते आधीच कळते आणि कुंडी अडकून पडत नाही. केरळातील तिरुवनंतपुरम येथे 1963 साली स्थापन झालेल्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेने श्रीरश्मी, श्रीपल्लवी, श्रीकिरण अशा सुधारित जाती दिलेल्या आहेत; पण त्या कंदांच्या उत्पन्नासाठी आहेत. पानांसाठी बाजारची अरबी पुरते. तिच्यापासून बहुधा हिरव्या देठाचे, म्हणजे भाजीचे अळू मिळते. वडीसाठी काळपट-जांभळ्या देठाचेच हवे असा ज्यांचा आग्रह असेल त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाहून एक कंद आणावा.

कुंडी तोंडाशी निदान पंधरा इंचांची असावी. बागेतली माती दोन भाग, चांगले कुजलेले शेणखत एक भाग आणि पाल्याचे खत किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा एक भाग हे मिश्रण पुरेसे आहे. दिल्लीची माती अल्कधर्मी, आणि अळूला किंचित आम्ल माती मानवते. पाल्याचे खत घातल्याने हा विरोध पुष्कळसा मिटतो. अळकुडी डोळा वर करून दोन ते तीन इंच खोल पुरावी. उंच इमारतीत राहणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टींचा विचार करावा. ओल्या मातीने भरलेली अशी एक कुंडी पंचवीस-तीस किलो सहज भरते. कठड्यावर ती कदापि ठेवू नये. आणि पंधराव्या-विसाव्या मजल्यावरचा वारा अळूच्या पानांच्या चिंध्या करतो, तेव्हा कठड्याआडची, भिंतीलगतची जागा निवडावी. पूर्वेकडचा सज्जा सर्वांत उत्तम. पश्चिमेकडचा असेल तर एप्रिलच्या मध्यापासून पावसाची पहिली सर येईपर्यंत अर्धी सावली देणारी हिरवी जाळी बांधावीच लागते. न बांधल्यास पानांच्या कडा जळून कागदासारख्या होतात.

पाणी कोठले घालावे?

अळूच्या संगोपनातला खरा प्रश्न हा आहे. गुरुग्राम आणि नोएडाच्या पुष्कळ वसाहतींत कूपनलिकेचे पाणी येते, आणि ते इतके जड असते की कुंडीच्या काठावर महिन्याभरात पांढरी खरड जमते. या पाण्यावर पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. झाडाला लोह मिळत नसल्याची ती खूण. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक जण ते कुंड्यांना घालतात. हेतू स्तुत्य असला तरी त्यात क्षार आणखी दाटलेले असतात. ते फरशी पुसायला वापरावे. उलट वातानुकूलन यंत्राच्या नळीतून जुलै-ऑगस्टात टपकणारे पाणी जवळजवळ क्षारविरहित असते. बादलीत धरून ते शोभेच्या अलोकेशियाला निःशंकपणे घालावे. यंत्राच्या धातूच्या नळ्यांवरून ते आलेले असल्यामुळे खावयाच्या अळूला मात्र ते न दिलेले बरे. त्याच्यासाठी प्रत्येक मराठी घरात रोज दोन वेळा उत्तम पाणी तयार होत असते: तांदूळ, डाळ आणि भाजी धुतलेले. मोरीच्या कडेचा जुना व्यवहार सज्जातही चालू ठेवता येतो, तो असा.

अळूची माती सदैव ओली असावी. कुंडी थोडा वेळ पाण्यात उभी राहिली तरी त्याला चालते. अलोकेशियाचे तसे नाही. त्याच्या मुळाशी पाणी साचले की कंद कुजतो, म्हणून तेथे निचरा चोख हवा आणि वरची बोटभर माती सुकल्यावरच पुन्हा पाणी द्यावे. दोघे दिसावयास भाऊ असले तरी एकाच मापाने दोघांना पाणी घातल्यामुळे जितके अलोकेशिया मरतात तितके थंडीनेही मरत नसतील.

आणि कुंडीखालची ताटली. उन्हाळ्यात ओलावा राहावा म्हणून तिच्यात पाणी भरून ठेवण्याची सवय अनेकांना असते. डेंग्यूच्या डासाला एवढेच हवे असते. दिल्लीने 1996 आणि 2015 या दोन वर्षी डेंग्यूच्या मोठ्या साथी पाहिल्या आहेत, आणि पावसाळ्यात महानगरपालिकेचे कर्मचारी घरोघर येऊन कूलर, टाक्या आणि कुंड्या तपासतात ते उगीच नव्हे. अंड्यापासून डास होण्यास आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून ताटली आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून, वाळवावी. किंवा तीत पाण्याऐवजी ओली वाळू भरावी. मानकचूसारख्या मोठ्या झाडांच्या देठांच्या बेचक्यातही पाणी साठते. ते कोणी तपासत नाही. दर रविवारी झाड एकदा हलके वाकवून ते सांडून टाकावे. घरात कोणाला ताप आल्यावर कुंड्या आठवण्यापेक्षा हे सोपे आहे.

खताच्या बाबतीत अळू हावरे आहे. दर तीन आठवड्यांनी ओंजळभर गांडूळखत द्यावे. येथले माळी मोहरीची पेंड तीनचार दिवस पाण्यात भिजवून, ते पाणी दहापट पातळ करून देतात. पाने त्याने खरोखरच तरारतात. परंतु त्या पाण्याचा वास लिफ्टपर्यंत पोहोचतो आणि शेजारधर्मावर ताण येतो, हेही नमूद केले पाहिजे.

पावसात पानांवर गोल, पाण्याने भिजल्यासारखे तपकिरी डाग दिसू लागले तर तो करपा समजावा. ज्या बुरशीसदृश जीवामुळे हा रोग होतो त्याचे नाव फायटोप्थोरा कोलोकेशिई. अळूच्या नावानेच तो ओळखला जातो. 1993 साली पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवर हा करपा पोहोचला आणि ज्या पिकावर तेथील लोकांचे जेवण आणि निर्यात दोन्ही अवलंबून होती ते पीक थोड्याच महिन्यांत बसले. दिल्लीच्या चार कुंड्यांवर असा प्रसंग येत नाही, पण डाग पडलेले पान त्याच दिवशी कापून कचऱ्यात टाकावे, कुंड्यांमध्ये हातभर अंतर ठेवावे आणि संध्याकाळी पानांवर पाणी शिंपडू नये. मे-जूनच्या कोरड्या हवेत पानांमागे लाल कोळी होतो. त्याला पाण्याचा जोरदार फवारा पुरेसा. कधी एका रात्रीत पान चाळणीसारखे दिसते, आणि खाली पाहिले तर शेपटीवर शिंग असलेली जाडजूड अळी सापडते. ती एका मोठ्या पतंगाची अळी असते. तिला उचलून दूर सोडावे. खावयाच्या पानांवर रासायनिक औषध मारावयाचेच नाही असे ठरवले म्हणजे निम्मे प्रश्न मिटतात.

आणि हाच घरच्या अळूचा खरा फायदा. अळू जेथे पाणी असेल तेथे उगवते, आणि दिल्लीच्या परिसरात पाणी जेथे साचते ते ठिकाण स्वच्छ असेलच असे नाही. यमुनेच्या खादरात, म्हणजे पूरमैदानात, भाजीपाला पूर्वापार होत आला. परंतु नदीतल्या सांडपाण्यामुळे जानेवारी 2015 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने यमुना स्वच्छ होईपर्यंत तेथे खाद्यपिके घेण्यास मनाई केली. पालेभाज्या मातीतले शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू शोषून घेतात, आणि ते धुऊन किंवा शिजवून जात नाहीत. या मनाईने ज्यांची पिढ्यानपिढ्यांची शेती अडचणीत आली त्या खादरातल्या शेतकऱ्यांचा दोष यात काय, हा प्रश्न उरतोच. नदी त्यांनी मळवलेली नाही. परंतु घरातल्या लहान मुलाच्या ताटात पान वाढणाऱ्याला ते कोणत्या पाण्यावर वाढले हे ठाऊक असावे, ही अपेक्षाही गैर म्हणता येणार नाही.

पंचमीचा हिशेब

होळीला लावलेले अळू जूनपर्यंत जेमतेम तग धरून असते. पावसाची पहिली चांगली सर पडली की ते ओळखू येणार नाही इतक्या झपाट्याने वाढते. भाद्रपदापर्यंत चार कुंड्यांतून एका कुटुंबाची हौस भागेल इतकी पाने निघतात. ऋषिपंचमीच्या भाजीचा जुना दंडक असा की त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे काही खावयाचे नाही. माणसाच्या हातांनी परसात पिकवलेले तेवढेच चालते. अळूची पाने आणि देठ हा त्या भाजीचा कणा. नोएडाच्या बाराव्या मजल्यावर, तांदळाच्या धुवणावर वाढलेले अळू हा दंडक जितक्या काटेकोरपणे पाळते तितका तो बाजारच्या भाजीला पाळता येईल की नाही याची शंकाच आहे. पुढे पितृपंधरवड्यात वड्या लागतात, तेव्हा दुसरा तोडा तयार असतो.

पाने सकाळी तोडावीत. ओढून न काढता देठ बुडाशी चार बोटे ठेवून सुरीने कापावा आणि प्रत्येक झाडावर निदान तीन पाने राहू द्यावीत. हातांना खोबरेल तेल लावून घ्यावे. नव्या झाडाची पहिली भाजी थोडीच करून पाहावी. एखादा कंद खाजरा निघतो आणि तो पाहुण्यांच्या पंगतीत कळणे बरे नव्हे. भाजीत देठ सोलून घ्यावेत, सोबत आंबट चुका न मिळाल्यास चिंच वाढवावी, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे रात्रीच भिजत टाकावेत. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी अळूतील ऑक्झलेटचे प्रमाण ध्यानात घेऊन वैद्यकीय सल्ल्यानेच खावे.

नोव्हेंबरात पाने एकेक करून पिवळी पडू लागतात, आणि येथेच नवख्या बागवानाची चूक होते. झाड आजारी आहे असे समजून तो पाणी वाढवतो, खत घालतो. थंड, ओल्या मातीत कंद कुजतो आणि मार्चमध्ये हाताला चिखल लागतो. वास्तविक झाड झोपी जात असते. पाणी हळूहळू तोडावे, सुकलेली पाने काढावीत आणि कुंडी जिन्याखाली किंवा सज्जाच्या कोपऱ्यात, भाताचा पेंढा किंवा सुकी पाने वर पसरून, तशीच ठेवून द्यावी. दोनतीन आठवड्यांतून एकदा कपभर पाणी पुरते. कॅलेडियमचे कंद काढून कोरड्या वाळूत ठेवावेत. अलोकेशियाला घरात, खिडकीपाशी आणावे. मात्र हीटरच्या झोतात ठेवू नये. घरकाम करणाऱ्या बाईंना आणि माळ्याला त्या रिकाम्या दिसणाऱ्या कुंडीत काहीतरी आहे हे आवर्जून सांगून ठेवावे. कित्येक घरांतले अळू थंडीने नव्हे, तर या न सांगण्याने गेले आहे.

बदलीचे हुकूम बहुधा एप्रिल-मेमध्ये निघतात, म्हणजे नेमके अळूने दोन पाने उलगडलेली असताना. सामानाच्या ट्रकमध्ये कुंडी टिकत नाही. झाड उपटून पाने छाटावीत, कंदाची माती झटकावी, दिवसभर सावलीत सुकू द्यावा आणि वर्तमानपत्रात गुंडाळून कापडी पिशवीत घालावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत तो घामेजतो आणि कुजतो. अशा अवस्थेत कंद दोनतीन आठवडे सहज राहतो, हातातल्या सामानात मावतो. बाजूच्या लहान अळकुड्या सुट्या करून मागे राहणाऱ्या शेजाऱ्यांना द्याव्यात, आणि देताना पिशवीवर एवढे लिहावे: पाने खाण्याची आहेत, नोव्हेंबरात वाळतील, फेकू नये.